पान चुकलं

ता. ३, सोमवार

वहिनी,

बरी आहेस ना, ते नंतर विचारीन. आधी माझ्या एका प्रश्नाचं उत्तर दे.

आज सकाळी नळावर तुमचं चोरून छापलेलं पान आलं. कारखान्यातली काचेची भट्टी फुटली त्याला महिना होत आला, विकतच्या वर्तमानपत्रांत त्याची एक ओळ नाही, त्यामुळे तुमचं पान आलं की इकडे बादली भरून वाहायला लागली तरी कुणाचं लक्ष नसतं. ज्यांना वाचता येत नाही त्यांना मीच वाचून दाखवते. आज मी हात पुढे केला तर शेजारीण म्हणाली, "राहू दे, आज आमचं आम्ही बघतो." आणि कागद घडी करून कमरेला खोचला. मी तो ओढूनच घेतला.

मागच्या बाजूला, खाली, चौकटीत होतं: 'आपल्यातला खबऱ्या ओळखा. कंपनीच्या गेटवरचा टाइमकीपर इन्स्पेक्टरच्या बंगल्यातून बाहेर पडताना दिसला. दुसऱ्याच दिवशी बाइंडरच्या दुकानावर धाड पडली.'

गेटवर हजेरी लिहिणारा टाइमकीपर एकच आहे. माझा नवरा.

हे पान तुझ्या टायपिंग क्लासच्या मागच्या खोलीत निघतं हे मला माहीत आहे, आणि मला माहीत आहे हे तुलाही माहीत आहे. मजकूर मास्तर आणतात, स्टेन्सिल तू कापतेस. म्हणून विचारते, त्या चौकटीतली अक्षरं तू टाइप केलीस का?

आपल्या मधला नदीवरचा पूल पोलिसांनी बंद केल्यापासून फक्त लाँड्रीची गाडी सोडतात. संप असला तरी साहेबांचे शर्ट मळतातच. हे पत्र लाँड्रीवाल्या मावशी शर्टांच्या घडीत घालून आणतील. उत्तर त्यांच्याच हाती दे.

तुझी नणंद
(कालपर्यंत मैत्रीणही होते)


ता. ४, मंगळवार

वन्सं,

हो. मीच केली.

मास्तरांनी मजकूर पुढे ठेवला तेव्हा मी म्हटलं, "हे माझ्या नणंदेचे यजमान आहेत." ते म्हणाले, "माहीत आहे. म्हणूनच तुमच्यापुढे ठेवला. दुसऱ्या कुणाकडून करून घेतला असता तर तुमच्या पाठीमागे केल्यासारखं झालं असतं." मी स्टेन्सिल चढवली. पुढच्या खोलीत मुलामुलींचं टाइपरायटर बडवणं चालू होतं. त्या गोंगाटातच आमचं सायक्लोस्टाइलचं मशीन फिरवता येतं, तुम्ही पाहिलंय. मी अक्षरं चुकत होते, लाल करेक्शन फ्लुइड लावून पुन्हा टाइप करत होते. पण केलं.

का केलं तेही सांगते. बाइंडरच्या दुकानात आमचं दुसरं मशीन आहे, हे बोटावर मोजण्याइतक्या लोकांना ठाऊक होतं. आता मशीन गेलं आणि बाइंडर कोठडीत आहे. त्याची बायको रोज सकाळी क्लासच्या पायरीवर येऊन बसते. काही मागत नाही, काही बोलत नाही. मुलं तिला वळसा घालून आत येतात.

दोन कामगारांनी भावोजींना बंगल्यातून बाहेर येताना पाहिलं. तरीही मी मास्तरांना म्हटलं, थांबा, आधी माझ्या यजमानांना, म्हणजे वन्सं, तुमच्या दादांना, विचारू. ते त्याच संध्याकाळी सुटून आले होते. पानासाठी फॅक्टरीतल्या बातम्या घेऊन येताना त्यांना पकडलं तेव्हापासून मी जवळजवळ आशा सोडली होती. मास्तरांनी त्यांना विचारलं, "टाइमकीपर तिथे आला होता का?" ते म्हणाले, "आला होता. मी त्याचा आवाज ऐकला." बस, एवढंच. मग ते भिंतीकडे तोंड करून झोपले.

आता तुम्ही सांगा. भावोजी तिथे कशासाठी गेले होते? कारण लिहा, मी ते मास्तरांसमोर ठेवते. तुमच्या शब्दावर माझा विश्वास आहे, पण नुसत्या विश्वासावर स्टेन्सिल कापता येत नाही.

वहिनी


ता. ६, गुरुवार

वहिनी,

आमच्या पुढच्या खिडकीची काच गेली. काचेच्या कारखान्याच्या आवारात राहतो, तेव्हा काचेचं काही अप्रूप नाही म्हणा. दगडाला तुमचं पान गुंडाळलेलं होतं. लेक शाळेतून लवकर आली. तिच्या बाकावर कुणी बसत नाही म्हणाली. मला हसू आलं, वहिनी, खरंच. इतकी वर्षं ती तक्रार करायची की बाकावर जागाच मिळत नाही.

कारण मी लिहू शकत नाही. यांनी माझ्याकडून वचन घेतलंय. मी म्हटलं, "वहिनीला तरी सांगू दे." तर म्हणाले, "तिला तर मुळीच नाही." आता तूच समज काय समजायचं ते.

एक करता येईल. दादाला विचार. भिंतीकडे तोंड करून झोपला असेल तर त्याला उठव आणि विचार.

तुझ्या शेवटच्या वाक्याचा मला राग आलाय. नुसत्या विश्वासावर स्टेन्सिल कापता येत नाही, मग नुसत्या संशयावर बरी कापता येते?

नणंद


ता. ८, शनिवार

वन्सं,

विचारलं. जेवायला बसले होते. मी म्हटलं, "वन्सं म्हणतात, भावोजी बंगल्यावर का गेले ते तुम्हाला विचार." त्यांनी हातातला घास खाली ठेवला आणि म्हणाले, "मला यात ओढू नका." ताट तसंच टाकून उठले. रात्रभर अंगणात फेऱ्या मारत होते.

तुमचा भाऊ तुम्हाला पाठीशी घालतोय, दुसरं काय समजू? बहिणीचा संसार मोडू नये म्हणून तो तोंड उघडत नाही, आणि तुम्ही मात्र सगळं त्याच्यावर ढकलून मोकळ्या. तुमचं तरी हे कसलं वचन? ज्या गोष्टीत लाजण्यासारखं काही नाही ती कुणी लपवतं का?

स्पष्ट लिहिते, राग मानू नका. बाइंडरला आत मारतात. त्याचे कपडे धुवायला बाहेर आले, ते त्याच्या बायकोने मला आणून दाखवले. 

पुढच्या पानात मास्तर तुमच्या घराचा क्वार्टर नंबर छापायचं म्हणतात. शुक्रवारी मोर्चा आहे, पूल ओलांडून गेटपर्यंत जाणार. नंबर छापला तर मोर्चा आधी कुठे जाईल हे मला कळतं. मी म्हटलं, माझा टाइपरायटर बिघडलाय. मास्तरांना खोटं कळलं असावं, पण ते मजकूर घडी करून घेऊन गेले. असा किती दिवस बिघडलेला ठेवू? माझ्या हातात काहीतरी द्या.

वहिनी


ता. १०, सोमवार

वहिनी,

यांचा हात मोडला. उजवा. काल संध्याकाळी हे कामावरून सुटताना गेटजवळच सात-आठ जणांनी घेरलं. त्यात शेजारणीचा नवरा होता, ज्याच्या पोरीच्या तापात हे डॉक्टरला उठवायला गेले होते. कंपनीचा डॉक्टर म्हणतो, हाड जुळेल पण बोटं पूर्वीसारखी वळतीलच असं नाही.

तू काहीतरी दे म्हणालीस ना? घे.

दादाला धरल्याचं कळलं त्या दिवसापासून हे इन्स्पेक्टरच्या मागे होते. शेवटी त्याने बंगल्यावर बोलावलं. हे जामीन राहायला गेले होते, वहिनी. तुझ्या नवऱ्याला जामीन. आमच्या क्वार्टर्समध्ये राहणाऱ्याने संपवाल्याला जामीन राहायचं म्हणजे नोकरीवर पाणी सोडायचं, तरी गेले. इन्स्पेक्टर चहा पीत होता. हसून म्हणाला, "जामीन कशाला? तुमच्या मेहुण्याने स्वतःच स्वतःचा जामीन दिलाय. उद्या सकाळी बाइंडरकडे जाऊन येतो आम्ही." जबाब लिहून घ्यायला दादाला चौकीतून तिथे आणलं होतं, तो बाजूच्याच खोलीत होता. म्हणून त्याने आवाज ऐकला.

हे बंगल्यातून निघाले ते बाइंडरला सावध करायला थेट पुलावर गेले. पुलावर अडवलं. तेव्हा लाँड्रीची गाडीही गेलेली होती. घरी येऊन जिन्यावरच बसले.

पानात ते आल्यावर मी ओरडत होते, खरं काय ते सगळ्यांना सांगा म्हणून. हे म्हणाले, "मला दोन काठ्या बसतील. त्याला जिवंत सोडणार नाहीत. आणि तुझ्या वहिनीने त्या माणसाबरोबर एका घरात कसं राहायचं?" म्हणून वचन. काल त्या हाताची पट्टी बांधताना मी ते मोडायचं ठरवलं. यांना अजून सांगितलेलं नाही.

तो माझा भाऊ आहे. लहानपणी माझ्या वाटचा मार त्याने खाल्लाय. हे लिहिताना मला काय होतंय ते तू विचारू नकोस.

नणंद


ता. ११, मंगळवार

वन्सं,

तुमचं पत्र मी क्लास चालू असताना वाचलं. एक मुलगी विचारत होती, मार्जिन किती ठेवू? मी तिला काय सांगितलं आठवत नाही.

दुपारी त्यांच्यासमोर पत्र ठेवलं. त्यांनी वाचलं, आणि वन्सं, त्यांना सुटल्यासारखं वाटलं. चेहऱ्यावर दिसलं मला ते. मग म्हणाले, "मला कुणी हात लावला नाही. नुसतं उभं केलं. शेजारच्या खोलीत एकाला मारत होते, ते ऐकायला लावलं. अख्खा दिवस. मग म्हणाले, आता तुझी पाळी." बाइंडर त्या आठवड्यात गावाला गेलाय अशी त्यांची समजूत होती. मशीन जाईल, माणूस वाचेल, असा हिशेब करून त्यांनी पत्ता सांगितला. बाइंडर आदल्या रात्रीच परत आला होता.

"आणि मास्तरांनी विचारलं तेव्हा?" मी म्हटलं.

"तेव्हा मी खोटं बोललो नाही."

"खरंही बोलला नाहीत."

  मी त्यांना मारलं असतं किंवा जवळ घेतलं असतं, दोन्ही झालं नाही. उठून मास्तरांकडे गेले.

मास्तरांनी सगळं ऐकून घेतलं. डोकं धरून बसले. मग जे म्हणाले ते मला अजून टोचतंय. "पान चुकलं असं पानानेच छापलं तर उद्या कंपनी म्हणेल, भट्टीत नऊ माणसं मेली हेही चुकलंच असेल. सरकारी आकडा दोन आहे. आपल्याकडे लोकांच्या विश्वासाखेरीज आहे काय?"

मी म्हटलं, "तोच विश्वास ठेवून त्यांनी एका माणसाचा हात मोडला."

बराच वेळ वाद झाला. शेवटी ते म्हणाले, "ठीक, छापू. पण अर्धं नाही. टाइमकीपर नव्हता म्हटलं की लोक विचारणार, मग कोण? तिथे रिकामी जागा सोडली तर उद्या ती दुसऱ्या कुणाच्या तरी नावाने भरतील."

ते बरोबर आहेत, हीच तर अडचण आहे. मोर्चा शुक्रवारी. स्टेन्सिल उशिरात उशिरा गुरुवारी कापायला हवी. सांगा, मी त्यांचं नाव घालू का? ते माझे कोण आहेत ते मी बघते. तुमचे भाऊ आहेत, म्हणून तुम्हाला विचारते.

भावोजींची माफी मी पत्रातून मागणार नाही. समोर येऊन मागीन.

वहिनी


ता. १२, बुधवार

वहिनी,

यांना वचन मोडल्याचं सांगितलं. रागावले नाहीत, थकल्यासारखे दिसले. म्हणाले, "माझं नाव साफ करा, मला ते हवंय, नाही म्हणणार नाही. पण त्याचं घालू नका. पानात नाव आलं की माणसाचं काय होतं ते आता मला ठाऊक आहे."

हा त्यांचा निरोप. शब्दशः.

माझं विचारशील तर मी एवढ्या मोठ्या मनाची नाही. यांना घास भरवताना मला वाटतं, घाल नाव. ठळक अक्षरांत घाल. आणि ताट धुताना वाटतं, नको. दिवसातून कितीदा तरी माझं मन फिरतं. यातलं कुठलं मत कळवू?

त्यामुळे मी काहीच सांगत नाही. तुझ्यावर सोडून मोकळी होते असं म्हणशील, तर हो, होते.

इकडे बाहेरच्या भिंतीवर आमच्या क्वार्टरचा नंबर कुणीतरी कोळशाने लिहिलाय. तुझा टाइपरायटर बिघडला तरी कोळसा मिळतोच. लेकीला मी वरच्या मजल्यावरच्या नर्सबाईंकडे झोपायला पाठवते. काय करशील ते शुक्रवारच्या आत कर.

नणंद


ता. १४, शुक्रवार, सकाळ

वन्सं,

मावशी थांबल्या आहेत, भरभर लिहिते.

काल दुपारी क्लास भरल्यावर मी मागच्या खोलीत स्टेन्सिल चढवली. भावोजींचं सगळं टाइप केलं. मग त्या रिकाम्या जागेशी येऊन थांबले. किती वेळ कोण जाणे. तेवढ्यात तुमचे दादा आत आले आणि दार लावून घेतलं.

म्हणाले, "सरक, मी टाइप करतो."

मी म्हटलं, "तुम्हाला येत नाही. स्टेन्सिल फाटेल. तुम्ही सांगा, मी करते."

त्यांनी उभ्यानेच सांगितलं. एकदाही थांबले नाहीत, मनात आधीच जुळवून ठेवलं असावं. 'टाइमकीपर इन्स्पेक्टरकडे गेला तो मला सोडवायला. बाइंडरच्या दुकानाचा पत्ता मी दिला. माराच्या भीतीने दिला. सुटून आल्यावर टाइमकीपरवर आळ आला तेव्हा मी ऐकत बसलो, ते भीतीपेक्षा वाईट.' खाली त्यांचं पूर्ण नाव, आणि खातं: पॅकिंग.

मी म्हटलं, "भावोजींचा निरोप आहे, नाव नको." ते म्हणाले, "त्याच्या आड लपलो म्हणूनच त्याचा हात मोडला. आता नाही."

मास्तरांनी पहिली प्रत वाचली. चष्मा पुसला. स्टेन्सिल मशीनवरून उतरवून लेखणीने स्वतःच्या हाताने एक ओळ खाली कोरली: 'न तपासता छापलं, हा दोष पानाचा.' मग बाह्या वर करून हँडल फिरवायला तेच उभे राहिले.

आज सकाळी दादांनी गठ्ठा काखेत मारला. मी म्हटलं, "दुसऱ्या कुणाला वाटू दे. ते तुम्हाला फाडून खातील." ते म्हणाले, "पहिलं पान बाइंडरच्या बायकोला देतो. पुढचं पुढे."

मी दारातून पाहत राहिले. ती नेहमीसारखी पायरीवर होती. त्यांनी पान दिलं. तिने वाचलं. तोंड वर करून त्यांच्याकडे पाहिलं, उठली, आणि त्यांच्या मागोमाग मोर्चाच्या दिशेने गेली. तिच्या मनात काय आहे मला कळलं नाही, वन्सं. मी हाक मारली, तिने वळून पाहिलं नाही.

आता इथे कुणी नाही. मशीनचे भाग सुटे करून मास्तर घेऊन गेले. ओरडण्याचा आवाज पुलाकडून येतोय. तो घोषणांचा आहे की कशाचा, इथून कळत नाही. तुमच्या बाजूने दिसत असेल तर मला लवकर कळवा, काय असेल ते.

वहिनी


ता. १६, रविवार

वहिनी,

जिवंत आहे. हे आधी वाच, मग बाकीचं.

मी गच्चीवरून पाहत होते. मोर्चा पुलाच्या तुमच्या टोकाला आला आणि अडखळला. पोलिसांमुळे नाही, पोलीस अलीकडे होते. लोकांच्या हातात कागद दिसायला लागले. मग मध्ये मोकळी जागा पडली, माणसं बाजूला सरकली, आणि त्यात दादा एकटा उभा. इतक्या लांबून मी त्याला उभं राहण्यावरून ओळखलं. कुणीतरी त्याला ढकललं, तो पडला, उठला. पुन्हा पडला. तेव्हा मला गच्चीवरून उतरता येईना आणि बघवेना.

पुढचं मावशींनी सांगितलं, त्या गाडीसह तिथेच अडकल्या होत्या. बाइंडरच्या बायकोने दादाच्या हातातला गठ्ठा हिसकावून घेतला. सगळ्यांना वाटलं, आता नदीत फेकते. तिने एक प्रत काढली आणि मोठ्याने वाचायला लागली. सगळं वाचलं, अगदी मास्तरांच्या ओळीपर्यंत. मग उरलेली पानं तिने स्वतः वाटली. दादाला तिने हात लावला नाही, की कुणाला 'मारू नका' असंही म्हणाली नाही. पण तिने वाटायला घेतल्यावर मारणारे थांबले. मोर्चा तिथेच पुलावर खाली बसला. भट्टीत गेलेल्या नऊ जणांची नावं वाचली. ती मात्र कुणी खोटी म्हटली नाहीत, मास्तरांना सांग.

संध्याकाळपर्यंत बसले होते. आमच्या क्वार्टरकडे कुणी आलं नाही. पोलिसांनी दादाला बेकायदा कागद वाटल्याबद्दल उचललं. आता तो परत त्याच चौकीत आहे.

शेजारीण काल आली. माफीबिफी काही नाही. म्हणाली, "खिडकीला पुठ्ठा तरी लाव, वारा सुटलाय." मी म्हटलं, "पुठ्ठा दे." तिने आणून दिला. नवऱ्याला तिने पाठवलं नाही, पाठवला असता तरी मी आत घेतला नसता.

तुला पूल ओलांडता येत नाही, म्हणून आज मीच चौकीवर गेले. डबा यांनी भरायला लावला. मी म्हटलं, "मी नाही जाणार." म्हणाले, "नको जाऊस. डबा मात्र भर." मग भरलेला डबा घेऊन कोण जाणार?

एक डोळा सुजून बंद झालाय, ओठ फाटलाय, बाकी धड आहे. बाइंडर पलीकडच्या कोठडीत आहे. मी विचारलं, "बोलतो का तुझ्याशी?" म्हणाला, "नाही. पण काल त्याला खोकला येत होता तेव्हा मी माझं पाणी गजांतून सरकवलं. ते घेतलं त्याने."

मग त्याने विचारलं, "त्यांचा हात कसा आहे?"

मी म्हटलं, "मोडलेला आहे."

तो मान खाली घालून बसला. मला वाटलं होतं, त्याला पाहिल्यावर माझं मन तरी एकदाचं ठरेल. नाही ठरलं. मी उठले तेव्हा म्हणाला, "उद्या येशील?"

मी हो म्हटलं नाही. पण डबा तिथेच ठेवून आले. तो परत आणायला कुणीतरी जायलाच हवं.

तुझी नणंद